मद्यपाशाचा स्त्रियांच्या मेंदूवर लवकर घाला

चौक (ता. खालापूर) : जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील चौकसारख्या गावात दारूचा विषय निघाला, की डोळ्यांपुढे येतो तो व्यसनी पुरुष आणि त्याच्यापायी सोसणारी त्याची पत्नी. ती पत्नी, बहीण वा आई स्वतःच मद्यपाशात सापडलेली असू शकते, हा विचार सहसा कुणाच्या मनाला शिवत नाही. सरकारी आकडेवारीही या समजाला बळ देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षे व त्यावरील सुमारे १४ टक्के पुरुष मद्यपान करतात. स्त्रियांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. मात्र संख्या कमी म्हणून धोका कमी, असे नव्हे. दारू स्त्रीला अधिक वेगाने ग्रासते आणि उपचारांपर्यंत मात्र तीच उशिरा पोहोचते.

दारू तेवढीच, परिणाम वेगळा

मद्य शरीरातील पाण्यात मिसळते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी, तर चरबीचे अधिक असते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या स्त्री-पुरुषांनी सारखीच दारू घेतली, तरी स्त्रीच्या रक्तातील मद्याची पातळी अधिक वाढते. रक्तातून हे मद्य मेंदूपर्यंत जाते. उपचारांसाठी आलेल्या रुग्णांच्या अनेक अभ्यासांत, मद्यपान सुरू झाल्यापासून व्यसन जडेपर्यंतचा काळ स्त्रियांमध्ये कमी असल्याचे आढळले आहे.

जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे कार्ल मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यासक्त स्त्री-पुरुषांच्या मेंदूंचे सीटी स्कॅन काढून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांच्या व्यसनाचा काळ पुरुषांपेक्षा कमी असूनही त्यांच्या मेंदूची झीज जवळपास पुरुषांइतकीच झालेली होती. सर्वच अभ्यासांचा कौल मात्र एक नाही. काही अभ्यासांत पुरुषांच्या मेंदूची हानी अधिक दिसली आहे.

अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये निराळीच बाब पुढे आणली. सुखाची अनुभूती आणि ती पुन्हा मिळविण्याची ओढ ज्या भागांमुळे निर्माण होते, ते मेंदूतील भाग व्यसनाचा दीर्घ इतिहास असलेल्या पुरुषांमध्ये निर्व्यसनी पुरुषांपेक्षा लहान, तर अशाच स्त्रियांमध्ये निर्व्यसनी स्त्रियांपेक्षा मोठे आढळले. हा फरक व्यसनामुळे पडला की व्यसनाआधीपासूनच होता, याचा उलगडा अशा पाहणीतून होत नाही. तरीही पुरुषांच्या अभ्यासावरून काढलेला निष्कर्ष स्त्रियांना जसाच्या तसा लावता येणार नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

झीज भरून निघू शकते

यातील दिलासा देणारा भाग असा, की दारू सुटल्यानंतर मेंदूची झीज काही प्रमाणात भरून येते. मान यांच्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या उपचारांनंतर पुन्हा स्कॅन काढले, तेव्हा स्त्री आणि पुरुष अशा दोघांमध्येही सुधारणा दिसली. म्हणूनच उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे ठरते. नेमके तेथेच घोडे अडते. दारू पिणाऱ्या पुरुषाला घरचे लोक समजावून किंवा ओढून उपचारांना नेतात. स्त्रीचे व्यसन मात्र ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने झाकले जाते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, मद्यासक्त व्यक्तींपैकी ३८ मागे एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले होते. जिचे व्यसन घराबाहेर कळूच दिले जात नाही, तिला उपचार मिळणे आणखी कठीण.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने २००९ मध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग उघडला, तो हीच गरज ओळखून.

घरातील स्त्री लपून पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, विसरभोळेपणा वाढला असेल, तर तिला दोष देत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणे हिताचे. रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीची दारू घरच्या घरी अचानक बंद करणे धोक्याचे असते. फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडून जिवावर बेतू शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत.