परिचर्या : मायेला शास्त्राची जोड

रुग्णालय पाहावयास येणारे देणगीदार व हितचिंतक बहुधा शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि नवी यंत्रसामग्री पाहतात. त्यांच्याच औदार्यातून हे सारे उभे राहिले असल्याने ते स्वाभाविकही आहे. एक गोष्ट मात्र फिरून दाखविता येत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेशेजारी स्टूल ओढून परिचारिका दहा-पंधरा मिनिटे बोलत बसते. पाहणाऱ्यास त्या गप्पा वाटतात. "सिस्टर, एवढी कामे पडली असताना तुम्ही बोलत काय बसलात?" असे एका रुग्णाच्या आप्तांनी विचारलेही होते. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे देत आहोत.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील भूलतज्ज्ञ एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाची शस्त्रक्रिया व्हावयाच्या ९७ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटास वेदना कोठे होईल, किती काळ राहील, स्नायू आखडल्याने ती कशी वाढते, अंग सैल कसे सोडावे, कुशीवर कसे वळावे हे आधीच समजावून सांगितले. दुसऱ्या गटास असे काही सांगितले नाही. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे याची शल्यविशारदांना कल्पना नव्हती. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटास अफूवर्गीय वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ योग्य वेळी सांगितलेले चार शब्द.

असे का घडावे? पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मेल्झॅक आणि वॉल यांनी वेदनेविषयीचा 'द्वार-सिद्धान्त' मांडला. जखमेकडून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूपर्यंत जात नाही. मज्जारज्जूत एक द्वार असावे तसा तो कमीअधिक होतो आणि त्या द्वारावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही प्रभाव पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु भीती व लक्ष यांचा वेदनेशी शारीरिक संबंध आहे हा त्याचा गाभा टिकून राहिला. 'दुखणे मनाचे आहे' असे म्हणून रुग्णास गप्प करणे यामुळेच अशास्त्रीय ठरते.

तथापि सांगितले म्हणजे रुग्णास समजले, असे होत नाही. येथे हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेचे ऋण मानावे लागते. परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे, असा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो काही वर्षे आधीच लिहून तयार होता. परंतु सहलेखक म्हणून डॉक्टरांचे नाव नसलेले असे पुस्तक एका परिचारिकेने काढावे, हे त्या काळी धाडसाचे वाटले! पेप्लाऊंनी चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाकुल अशा चार पायऱ्या सांगितल्या. सौम्य चिंतेत मनुष्य अधिक सावध होऊन शिकतो. तीव्र चिंतेत त्याचे लक्ष एखाद्याच बारीकशा गोष्टीवर खिळून राहते आणि बाकीचे कानावरून जाते. म्हणून स्टुलावर बसलेली परिचारिका आधी ऐकते. रुग्ण फारच घाबरलेला असेल तर ती माहिती देण्याचे लांबणीवर टाकते, एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि शेवटी "आता तुम्ही मला सांगा पाहू" असे म्हणते. संमतीपत्रावर अंगठा उठविण्यापेक्षा हे काम कठीण आहे.

व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या विचारामुळे मात्र आप्तांची कधीकधी नाराजी ओढवते. शक्ती, इच्छा किंवा ज्ञान पुरेसे असते तर रुग्णाने स्वतः जे केले असते त्यात त्यास साहाय्य करावे आणि तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल असे पाहावे, ही त्यांची परिचर्येची व्याख्या. पक्षाघातातून सावरणाऱ्या वडिलांना परिचारिका स्वतःच्या हाताने केस विंचरावयास लावते आणि त्यास पाच मिनिटे लागतात, तेव्हा मुलास तो हलगर्जीपणा वाटतो. वस्तुतः स्वतः दोन फण्या मारून मोकळे होणे तिला अधिक सोपे असते.

सारेच सिद्धान्त जसेच्या तसे खाटेशी लागू पडतात असे नाही. मास्लो यांची १९४३ ची गरजांची उतरंड प्रत्येक परिचर्या विद्यालयात शिकविली जाते. परंतु असह्य वेदनेतही मुलीच्या परीक्षेची चौकशी करणारी आई आम्ही पाहतो, आणि ती उतरंडीत बसत नाही. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या, मरणोन्मुख रुग्णाच्या मनाच्या पाच अवस्थांचेही तसेच. त्या ओळखण्यासाठी उपयोगी आहेत, क्रमाने पार पाडावयाच्या परीक्षा नव्हेत.

आता अडचणीचा भाग. इझाबेल मेन्झीज यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केला. दुःख व मृत्यू यांच्या सततच्या सहवासाने येणारी चिंता टाळण्यासाठी रुग्णालये कामाचे तुकडे पाडतात, असे त्यांना आढळले. एकीने सर्वांचे ताप घ्यावयाचे, दुसरीने सर्वांना औषधे द्यावयाची. रुग्णाचा उल्लेखही नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने व आजाराने होऊ लागतो. यात कोणाची निर्दयता नसते, व्यवस्थाच तशी बनते. यावर उपाय म्हणजे ठरावीक रुग्ण ठरावीक परिचारिकेकडे सोपविणे. त्यासाठी पाळीमागे अधिक मनुष्यबळ लागते, आणि मनुष्यबळावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. विश्वस्तांपुढे वेतनखर्चाचा विषय येतो तेव्हा ही बाजू ध्यानी असावी, ही विनंती.

आप्तांसही एक सूचना. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने रुग्णाजवळ थांबावे. मनातील शंका कागदावर लिहून आणाव्यात. कितीही क्षुल्लक वाटल्या तरी चालतील.