कुजणारी वेष्टने आणि आपला कंपोस्टचा खड्डा

शेतमाल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत टिकावा कसा, हा शेतकऱ्यापुढील जुनाच प्रश्न आहे. द्राक्षांच्या पेटीत बुरशी धरू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा कागद घालण्याची रीत नाशिककडील बागाईतदारांच्या परिचयाची आहे. याच हेतूने आता अन्नपदार्थ गुंडाळावयाच्या पातळ फिल्ममध्येच जंतुरोधक द्रव्य मिसळण्याची पद्धत पुढे येत आहे. ही फिल्म खनिज तेलापासून नव्हे, तर मक्याच्या पिठूळ सत्त्वासारख्या शेतमालापासून तयार केलेली असून वापरानंतर ती कुजून खत होते, असेही सांगण्यात येते.

हे ऐकून शेतकऱ्याच्या मनात दोन शंका येणे स्वाभाविक आहे. जे द्रव्य जंतूंना रोखण्यासाठी घातले, ते कंपोस्टमधील उपयुक्त जंतूंना का सोडील? आणि फिल्म दिसेनाशी झाली, तरी तिच्यातील औषधाचे पुढे काय होते? या दोन्ही शंका रास्त आहेत.

खड्ड्यात काय घडते

कंपोस्ट म्हणजे सूक्ष्म जंतूंनी केलेले काम होय. इंदूर येथे 1924 ते 1931 या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे ढीग रचून, ते ठरावीक काळाने खालीवर करून उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची नाडेप पद्धत प्रचारात आणली. दोन्ही पद्धतींचे मर्म एकच: जंतूंना अन्न, हवा आणि ओलावा योग्य प्रमाणात मिळाला पाहिजे.

चांगल्या रचलेल्या ढिगात आरंभीच्या काही दिवसांत उष्णता 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. मक्यापासून होणाऱ्या फिल्मपैकी पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे ‘पीएलए’ची, फिल्म विशेष प्रचारात आहे. दह्यात जे आम्ल असते, त्याच्याच लांब साखळ्या जोडून ती तयार होते. या साखळ्या प्रथम उष्णता व पाणी यांमुळे तुटतात आणि मगच जंतू त्यांचे तुकडे खाऊ शकतात. त्यासाठी सुमारे 58 अंशांची उष्णता बरेच दिवस टिकावी लागते. थंड उकिरड्यात, कोरड्या खड्ड्यात किंवा नुसत्या शेतजमिनीत हीच फिल्म वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. नाडेप टाक्यातील ढीग खालीवर करावयाचा नसल्यामुळे कडेचे थर मधल्याइतके तापत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. उलटपक्षी निव्वळ पिठूळ सत्त्वाची किंवा लेप न दिलेल्या सेल्युलोजची फिल्म साध्या खड्ड्यातही लवकर कुजते.

औषधे तीन प्रकारची

पहिला प्रकार वनस्पतींच्या तेलांचा. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीचे तेल ही द्रव्ये बुरशीला रोखतात. ती उडून जाणारी असल्याने वापरातच त्यांचा पुष्कळसा भाग संपतो आणि उरलेला भाग जंतूच पचवितात. कुजण्याचा आरंभ थोडा मंदावला, तरी ढिगाच्या मानाने फिल्मचे प्रमाण अल्प असल्यास पुढे काम सुरळीत चालते.

दुसरा प्रकार जैविक द्रव्यांचा. कोळंबी व खेकड्याच्या कवचांपासून काढलेले कायटोसान आणि दुधात वाढणाऱ्या जंतूपासून मिळणारे निसिन ही त्याची उदाहरणे. निसिन हे प्रथिनच असल्याने इतर प्रथिनांप्रमाणे त्याचे विघटन होते. कायटोसानही मातीतील जंतू खातात.

तिसरा प्रकार धातूंचा, म्हणजे चांदी, तांबे आणि जस्ताचे भस्म यांचे अतिसूक्ष्म कण. येथे मात्र सावध राहावयास हवे. धातू कुजत नाही. चांदी ढिगातील गंधकाशी संयोग पावली म्हणजे तिचा जोर पुष्कळ कमी होतो. परंतु ती नाहीशी होत नाही आणि असे खत वारंवार घातल्यास जमिनीत साचत जाते. जस्त व तांबे ही पिकांची अन्नद्रव्ये असली, तरी त्यांनाही मर्यादा आहे. खत नियंत्रण आदेशान्वये शहरी कंपोस्टमध्ये दर किलोस जस्त 1000 मिलिग्रॅम आणि तांबे 300 मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. चांदीचा त्या यादीत उल्लेख नाही. म्हणून ती आढळली नाही तरी कोणी विचारणार नाही, आणि आढळली तरीही नाही.

प्रमाणपत्राचा अर्थ

कंपोस्टयोग्य प्लास्टिकसाठी आपल्या देशात आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. त्याप्रमाणे नियंत्रित, उष्ण कंपोस्टमध्ये 180 दिवसांत मालातील कर्बाचा किमान 90 टक्के भाग वायुरूप व्हावा लागतो. 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. तयार खतात बी उगवून पाहण्याचीही अट आहे. तथापि एक टक्क्याहून कमी प्रमाणात मिसळलेल्या घटकाची कुजण्याची चाचणी स्वतंत्रपणे द्यावी लागत नाही. अशा घटकांची बेरीज मात्र पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये. जंतुरोधक औषध बहुधा अल्पच असते. यास्तव फिल्मवर प्रमाणपत्राची खूण असली, तरी आत कोणते औषध आहे, ते विचारून घेणे अवश्य आहे. ‘जैवविघटनशील’ एवढाच शब्द छापला असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये.

गावातच करावयाची परीक्षा

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या खड्ड्यात अशी वेष्टने घेण्यापूर्वी पुढील साधी परीक्षा करावी.

1. फिल्मचे चार-चार इंचांचे दहा तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालावेत. दुसऱ्या पिशवीत तेवढेच साध्या कागदाचे तुकडे घालावेत. दोन्ही पिशव्या दोरी बांधून नव्या ढिगाच्या मधोमध पुराव्यात.

2. ढिगाचा ओलावा असा राखावा की मूठ दाबली असता हात ओला व्हावा. परंतु पाणी टपकू नये.

3. चार, आठ व बारा आठवड्यांनी पिशव्या काढून पाहाव्यात. कागद कुजला आणि फिल्म तशीच राहिली, तर ती आपल्या खड्ड्याच्या उपयोगाची नाही. दोन्ही राहिल्यास दोष ढिगाचा समजावा व तो सुधारून परीक्षा पुन्हा करावी.

4. फिल्म घातलेले व न घातलेले अशी दोन्ही खते समभाग मातीत वेगवेगळी मिसळावीत आणि प्रत्येकात मुगाचे 100 दाणे पेरावेत. फिल्मच्या खतातील उगवण दुसऱ्याच्या 90 टक्क्यांहून कमी आली, तर ते खत शेतात घालू नये.

ही परीक्षा धातूचा अंश दाखवीत नाही. यास्तव चांदी अथवा अन्य धातू असलेली फिल्म घरच्या कंपोस्टमध्ये मुळीच घालू नये. ती वेगळी ठेवून ग्रामपंचायतीच्या कचरासंकलनाकडे द्यावी. पीएलएची वेष्टने मोठ्या, तापणाऱ्या व नियमित खालीवर होणाऱ्या ढिगातच न्यावीत.

शेतकरी बंधूंनो, फळ टिकविणारे नवे वेष्टन उपयुक्त असेल, तर ते अवश्य वापरावे. परंतु फळ दोन आठवडे टिकावयाचे असते आणि जमीन मुलानातवंडांच्या हाती द्यावयाची असते. खड्ड्यात टाकलेली प्रत्येक वस्तू अखेर त्याच जमिनीत जाते. म्हणून वेष्टन विकत घेतानाच त्याच्या शेवटाची चौकशी करावी.