पोटातील चरबी आणि जबड्याचे हाड

पोटावरची चरबी हा आपल्याकडे थट्टेचा विषय. तिला किंमत कोणी देत नाही. परंतु २००१ साली अमेरिकेतील पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, शस्त्रक्रियेत शोषून काढलेल्या व एरव्ही फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीत मूळपेशी असतात. मूळपेशी म्हणजे जिचे काम अद्याप ठरलेले नाही अशी पेशी. योग्य द्रव्ये पुरविली असता तीच पुढे हाडाची वा कूर्चेची पेशी बनते.

दंतवैद्यकाशी याचा संबंध काय, हे फिनलंडमधील एका रुग्णाच्या हकिगतीवरून कळते. या ६५ वर्षांच्या गृहस्थाच्या वरच्या जबड्याची एक बाजू मोठ्या गाठीमुळे काढून टाकावी लागली होती. हाडच नाही, तर कृत्रिम दात रोवावेत कशात? डॉ. रिट्टा सूरोनेन यांच्या पथकाने त्याच्याच चरबीतील मूळपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढविल्या, कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांवर बसविल्या आणि त्यांना हाडाच्या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनाची जोड दिली. हे सारे टायटॅनियमच्या पिंजऱ्यात भरून तो पिंजरा जबड्यात नव्हे, तर पोटाच्या स्नायूत ठेवला! कारण रक्तपुरवठ्यावाचून हाड जगत नाही, आणि स्नायूत रक्तवाहिन्या विपुल. आठ महिन्यांनी तयार झालेले हाड रक्तवाहिन्यांसह उचलून चेहऱ्यात बसविण्यात आले व पुढे त्यात दात रोवले गेले. हा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला.

अर्थात प्रथिनाचा वाटा किती आणि पेशींचा किती, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही. शिवाय वाढले ते हाड, दात नव्हे. वर्गात फळ्यावर दाताची आकृती काढली की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, मोडलेले हाड सांधते, मग दात का नाही?” दातावरचे कठीण एनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट होतात, आणि चरबीतील पेशी त्या घराण्यातल्या नव्हेत. दाताच्या मुळाभोवतीच्या ऊतींची गोष्ट थोडी आशादायक आहे. जपानी संशोधकांनी २००८ साली उंदरांमध्ये त्या पुन्हा वाढल्याचे नोंदविले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसाठी होणारे रक्तजनक मूळपेशींचे रोपण तेवढे प्रस्थापित उपचार मानले. बाकी सर्व प्रयोग संमत चाचणीतच व्हावयास हवेत. तेव्हा चरबीतून दात उगवून देतो, असे सांगून कोणी पैसे मागू लागल्यास त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.