फुकट कोर्स भरपूर आहेत, पण त्यातला आपला कोणता?

तासगावात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, रिळं असा सगळा माल. गेल्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात आठ जणी आल्या आणि सगळ्यांची यादी सेम: कात्री, टेप, अस्तर, हुक. विचारलं तर सगळ्या एकाच शिलाई क्लासच्या, आणि त्यातल्या पाच एकाच गावच्या! गल्ला भरला, खोटं कशाला बोलू. पण मनात आलं, त्या एवढ्याशा गावात ब्लाउज शिवून घेणाऱ्या अशा किती असणार? दिवाळीपर्यंत त्या पाचांतली एकच माल न्यायला येत होती.

शिकवणं चांगलंच होतं. चुकली ती निवड. मैत्रिणीने नाव घातलं म्हणून आपणही घातलं.

आता यादी किती मोठी आहे बघा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे लोक ज्याला आरसेटी म्हणतात ती. हे मॉडेल 1982 मध्ये कर्नाटकातल्या उजिरेत, धर्मस्थळाजवळ, सुरू झालं. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ते देशभर नेलं. चालवतात बँका. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट. शिलाई आणि पार्लर आहेच, पण शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मशरूम, पापड-लोणची-मसाले, मोबाईल रिपेअरिंग, दुचाकी दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग, फ्रिज-एसी, सीसीटीव्ही, फोटो-व्हिडिओ शूटिंग... शेळीपालनासारखे कोर्स साधारण 10 दिवसांचे, हातकामाचे महिनाभराचे. सगळे कोर्स प्रत्येक ठिकाणी कायम चालू नसतात, म्हणून वर्षाचं कॅलेंडर मागून घ्या.

शाळा अर्धवट सुटली असेल तर जन शिक्षण संस्थानही बघा. 1967 मध्ये मुंबईत वरळीला कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचंच हे पुढचं रूप.

माझं स्पष्ट मत सांगू? आमच्या द्राक्षपट्ट्यात मोटर रिवाइंडिंगसारखा कोर्स नाही. ऐन उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळली की बागायतदार भावाची घासाघीस करत बसत नाही, "कधी देतोस?" एवढंच विचारतो. तरी पोरं मोबाईल रिपेअरिंगलाच पळतात, कारण तिथे हात काळे होत नाहीत.

आणखी एक. कोर्समध्ये हिशोब, बाजार पाहणी, प्रोजेक्ट रिपोर्ट असे तास असतात. ते बुडवू नका. माझं बीबीए झालेलं, तरी पहिल्या मुद्रा लोनच्या कागदात मी दुकानाचं फर्निचर धरलं आणि खेळतं भांडवल धरायलाच विसरले! चार महिने उधारीवर माल उचलला. व्यापाऱ्याचे फोन आले की दुकानात गिऱ्हाईक असल्याचं नाटक करायचे.

तर नाव घालण्याआधी एक रविवार काढा. वही घ्या आणि गावात फिरा. तुमच्या मनातला धंदा आधीच किती जण करतात ते लिहा. मग चार घरांत विचारा, "कुठल्या कामासाठी तालुक्याला जावं लागतं?" तेही लिहा.

त्या पाचांतल्या टिकलेल्या एकीने हेच केलं, फक्त कोर्स झाल्यावर. गावात पिको-फॉल कोणीच करत नव्हतं. तिने सेकंडहँड पिको मशीन घेतलं. परवा फॉलचा गठ्ठा न्यायला आली तेव्हा हसत म्हणाली, "ताई, त्या चौघीपण आता साड्या माझ्याकडेच टाकतात!"