निकामी सौर पॅनेलमधील चांदीची पुनर्प्राप्ती : लोहा तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने केंद्र शासनाने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना व महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना सुरू केली. नांदेड जिल्ह्यातील लोह्यासारख्या शेतीप्रधान तालुक्याच्या दृष्टीने या योजनांचे महत्त्व मोठे आहे. सौर पॅनेलचे आयुष्य साधारणतः २५ वर्षे मानले जाते. परंतु गारपीट व वादळामुळे ते त्यापूर्वीही निकामी होऊ शकते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीची झळ मराठवाड्याने सोसलेली आहे. निकामी पॅनेल भंगारात गेल्यावर त्यातील चांदीचे काय होते, हे म्हणूनच पाहणे आवश्यक ठरते.

पॅनेलमधील चांदी :
सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये वजनाने सुमारे तीन चतुर्थांश भाग काचेचा असतो. उर्वरित भागात ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन व तांबे यांचा समावेश होतो. सौरघटावरील बारीक रेषा चांदीच्या असतात; घटात निर्माण झालेली वीज त्या गोळा करतात. प्रत्येक घटात ०.१ ग्रॅम चांदी धरल्यास ७२ घटांच्या पॅनेलमध्ये सुमारे ७ ग्रॅम चांदी असते. पॅनेलचे वजन २२ किलो धरल्यास हे प्रमाण केवळ ०.०३ टक्के भरते. तथापि तीन अश्वशक्तीच्या पंपास असे नऊ-दहा पॅनेल लागतात. म्हणजेच एका शेतातील संचात सहा-सात तोळे चांदी असते. एक टन पॅनेलमागे हे प्रमाण ३०० ग्रॅमच्या पुढे जाते व चांदीच्या खनिजाशी त्याची तुलना होऊ शकते. नव्या पॅनेलमध्ये मात्र चांदीचा वापर कमी होत आहे.

पुनर्प्राप्तीची प्रक्रिया :
प्रथम चौकट व तारा काढल्या जातात. त्यानंतर घट व काच यांना जोडणारा प्लॅस्टिकचा थर सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानास जाळून वेगळा करतात. मागील आवरणात फ्लोरिन असल्यास विषारी वायू निर्माण होतो. म्हणून ते आवरण आधीच काढणे इष्ट असते. घटावरील चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून त्या द्रावणात मीठ मिसळले असता सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. त्याचे क्षपण करून शुद्ध चांदी मिळते. सांध्यांतील शिसेही आम्लात विरघळते. परंतु लेड क्लोराइड गरम पाण्यात विरघळत असल्याने ते वेगळे करता येते. या प्रक्रियेत तांबूस विषारी वायू बाहेर पडतो व आम्लयुक्त सांडपाणी उरते. त्यामुळे ती उघड्यावर करणे धोकादायक आहे. फ्रान्समध्ये ला म्यूर येथे रोझी या कंपनीचा चांदी व सिलिकॉन परत मिळविणारा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला.

स्थानिक अडचण :
भंगार व्यवहारात चौकटीला व तांब्याच्या तारेला भाव मिळतो; घट चिकटलेल्या काचेला मात्र सहसा ग्राहक नसतो. ती काच बांधावर वा उकिरड्यावर पडल्यास चांदी वाया जाते व शिसे मातीत मिसळण्याचा धोका राहतो. मोठ्या सौर प्रकल्पातील पॅनेल एकाच ठिकाणी असतात, तर कृषिपंपांचे पॅनेल शेतोशेती विखुरलेले असतात. ते गोळा करण्याचा वाहतूक खर्च हीच खरी अडचण आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलचा समावेश असून, २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा असा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मात्र शेतातील पॅनेल त्या साठ्यापर्यंत पोहोचले तरच या तरतुदीला अर्थ उरतो.

निष्कर्ष :
एका तालुक्यातील निकामी पॅनेलवर स्वतंत्र कारखाना चालणे शक्य नाही. चांदी काढण्याचे काम अधिकृत पुनर्चक्रण केंद्राचे आहे. तालुका पातळीवरील काम पॅनेल न फोडता एकत्र करण्याचे आहे. बाजार समिती किंवा पंचायत समितीच्या आवारात संकलनाची सोय झाल्यास वाहतूक खर्च विभागला जाईल. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजना यांनी पॅनेलची गावनिहाय नोंद ठेवल्यास, कोठून किती पॅनेल उचलावे लागतील याचा अंदाज आधीच बांधता येईल.