सेटिंग बदलली, पण फिल्टरला कळली का?

सुरतच्या दक्षिणेला उधना ओलांडलं की पांडेसरा लागतं. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांची ही औद्योगिक वसाहत (जीआयडीसी). आजूबाजूच्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी वस्ती दाट. समजा, इथल्या एका प्रोसेस हाऊसनं स्वतःचा मेल सर्व्हर ठेवला आहे. पुढे पोस्टफिक्स, त्याच्या मागे अमाविस आणि अमाविसच्या पोटात प्रत्येक मेलला स्पॅमचे गुण देणारा स्पॅमअसॅसिन. रिंग रोडच्या व्यापाऱ्यानं ग्रे कापडाचं चलान मेलनं पाठवलं आणि फिल्टरनं ते स्पॅम समजून अडवलं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलानं अमाविसची फाइल उघडली, ६.३१ ही मर्यादा ८ केली, सेव्ह केली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी ६.७ गुणांचं आणखी एक चलान अडकलं. शेठ विचारतात, "काल सेटिंग बदललीस ना?" बदलली होती. फाइलमध्ये.

मेल फिल्टर हा डीमन असतो, म्हणजे पडद्यामागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. सुरू होताना तो आपली कॉन्फिगरेशन फाइल वाचतो, त्यातल्या व्हॅल्यू मेमरीत घेतो आणि पुढे दिवसेंदिवस त्या मेमरीवरच चालतो. डाइंग मास्टरनं भिंतीवरच्या कार्डावर नवी रेसिपी लिहिली, तरी जेट मशीनमध्ये आधीच फिरत असलेला लॉट जुन्याच शेडमध्ये निघतो, तसं हे. फाइल सेव्ह झाली ही बातमी डीमनपर्यंत आपोआप पोचत नाही.

त्यामुळे "मर्यादा किती आहे?" या एका प्रश्नाला एकाच सर्व्हरवर तीन उत्तरं मिळू शकतात. फाइलच्या त्या ओळीत काय लिहिलंय, हे एक. सगळ्या फाइली एकत्र केल्यावर शेवटी काय उरतं, हे दुसरं. आणि चालू असलेली प्रोसेस या क्षणी काय वापरतेय, हे तिसरं. मेल अडला की महत्त्वाचं असतं ते तिसरं उत्तर, आणि लोक तपासतात ते बहुधा पहिलं.

दुसरं आणि तिसरं उत्तर एकच असतं, हा गैरसमज तर चांगल्या अनुभवी माणसांनाही असतो. पोस्टफिक्सची पोस्टकॉन्फ, डव्हकॉट या मेलबॉक्स सर्व्हरची डव्हकॉन्फ, आरस्पॅमडी या स्पॅम फिल्टरची कॉन्फिगडम्प, एक्झिम या मेल सर्व्हरची 'एक्झिम -बीपी' (पी कॅपिटल) या कमांड सगळ्या व्हॅल्यू ओळीनं छापून देतात. पाहणाऱ्याला वाटतं, डीमनलाच विचारलं आणि त्यानंच सांगितलं. प्रत्यक्षात या कमांड डिस्कवरच्या फाइली स्वतः नव्यानं वाचतात. खात्री करायची तर चाचणीच्या मशीनवर पोस्टफिक्स बंद करून पोस्टकॉन्फ चालवावी. डीमन झोपलेला असतानाही ती तितक्याच ठामपणे उत्तर देते.

याचा अर्थ त्या कमांड टाकाऊ आहेत असा नाही. डीमन पुढच्या वेळी उठेल तेव्हा काय वाचेल, हे त्या नेमकं सांगतात. पोस्टकॉन्फला '-डी' जोडलं की मूळ डिफॉल्ट दिसतात, '-एन' जोडलं की पोस्टफिक्सच्या मेन फाइलमध्ये मुद्दाम लिहिलेल्या व्हॅल्यू दिसतात. स्पेलिंग चुकल्यामुळे वाया गेलेल्या ओळीबद्दल ती 'अनयूज्ड पॅरामीटर' असा इशाराही देते, आणि त्या एका इशाऱ्यानं कित्येक तासांची शोधाशोध वाचते. मात्र पोस्टफिक्सच्या सेवांची यादी असलेल्या मास्टर फाइलमध्ये एखाद्या सेवेपुरती '-ओ' लावून व्हॅल्यू बदललेली असेल, तर ती '-एन'च्या यादीत येत नाही. त्यासाठी कॅपिटल '-पी' वापरावं लागतं. मेन फाइल दहादा वाचूनही कोडं सुटत नसेल, तर उत्तर अनेकदा तिथे सापडतं.

आरस्पॅमडीत फाइली एकत्र होण्याचा हा भाग आणखी नाजूक आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बदल 'लोकल डॉट डी' फोल्डरात लिहायचे, अशी तिथली पद्धत. तिथल्या व्हॅल्यू मूळ व्हॅल्यूंमध्ये मिसळतात. 'ओव्हरराइड डॉट डी'मधल्या व्हॅल्यू मात्र आधीच्या सगळ्यांवर मात करतात. अ‍ॅक्शन्सच्या लोकल फाइलमध्ये फक्त 'रिजेक्ट = २०;' एवढी ओळ पुरते. पण सवयीनं पुष्कळजण आधी 'अ‍ॅक्शन्स' लिहून महिरपी कंस उघडतात आणि त्याच्या आत ही ओळ टाकतात. ती फाइल मुळातच अ‍ॅक्शन्स विभागाच्या आत वाचली जाते, म्हणून विभागाच्या आत आणखी एक विभाग तयार होतो आणि २० तिथेच पडून राहतो. कॉन्फिगटेस्ट म्हणते, 'सिन्टॅक्स ओके'. खरंच ओके असतो; कंस बरोबर मिटलेत, अर्धविराम जागेवर आहे. मर्यादा मात्र डिफॉल्ट १५ वरच असते. व्याकरण तपासणारी कमांड हेतू तपासत नाही, आणि अशा वेळी कॉन्फिगडम्प चालवून अ‍ॅक्शन्सचा विभाग डोळ्यांनी पाहणं हाच उपाय.

मग चालू डीमनच्या मेमरीतली व्हॅल्यू कळणार कशी? बहुतेक फिल्टर ती प्रत्येक कामाबरोबर सांगत असतात, फक्त ती कुठे पाहायची ते माहीत हवं. अमाविसनं अडवून ठेवलेल्या मेलची प्रत उघडली की एक्स-स्पॅम-स्टेटस या हेडरमध्ये अशी नोंद सापडते: 'येस, स्कोअर=६.७ टॅग=२ टॅग२=६.३१ किल=६.३१'. पुढे कुठल्या चाचणीला किती गुण, त्याची यादी. पोचवलेल्या मेलवर हीच माहिती 'टॅग्ड_अबव्ह=२ रिक्वायर्ड=६.३१' अशी येते. तो मेल तपासला त्या क्षणी मर्यादा काय होती, याचा हा पुरावा, आणि तो खुद्द प्रोसेसनं लिहिलेला.

आपल्या मिलमधल्या मुलाला इथे दोन गोष्टी कळतात. फाइल काल रात्री बदलली, पण अमाविस गेल्या आठवड्यापासून न थांबता चालू आहे, म्हणून टॅग२ अजून ६.३१ आहे. तो रिलोड करतो. पुढच्या मेलवर टॅग२ ८ दिसतं, तरी मेल अडतोच, कारण शेजारी 'किल=६.३१' तसंच आहे. टॅग२ ही मेलला स्पॅम म्हणण्याची मर्यादा. किल ही त्याला अडवण्याची. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये दोन्ही ६.३१ असतात, म्हणून ती एकच गोष्ट आहे असं वाटतं. फाइल बघून हे लक्षात यायला वेळ लागला असता. हेडरच्या एका ओळीत ते समोर होतं.

स्पॅमअसॅसिनचा डीमन स्वतंत्र चालत असेल तर 'स्पॅमसी -सी' या कमांडला एखादा मेल द्यावा. ती चालू डीमनकडून उत्तर आणते आणि '५.२/५.०' अशी जोडी छापते: आधी गुण, मग मर्यादा. आरस्पॅमडीसाठी हेच काम आरस्पॅमसी करते. तिच्या उत्तरात 'स्कोअर: ४.१० / १५.००' अशी ओळ येते आणि तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे डीमनच्या मेमरीतली रिजेक्टची मर्यादा. अशा चाचणीत पाठवणाऱ्याचा आयपी दिला नाही तर एसपीएफ आणि ब्लॅकलिस्टच्या चाचण्या नीट होत नाहीत, त्यामुळे डावीकडचे गुण खऱ्या मेलपेक्षा वेगळे येतील. उजवीकडचा आकडा तरीही खरा.

याउलट, 'स्पॅमअसॅसिन -टी' ही कमांड चालवून मिळालेल्या निकालावर भिस्त ठेवणं धोक्याचं. ती डीमनला विचारतच नाही. स्वतःची वेगळी प्रोसेस सुरू करते, फाइली ताज्या वाचते, आणि ज्या युजरनं चालवली त्याची वैयक्तिक पसंती आणि त्याचाच बायेस डेटाबेस वापरते. रूट म्हणून चालवलेली चाचणी आणि अमाविसच्या युजरखाली झालेली खरी तपासणी यांत दोन-तीन गुणांचा फरक पडला, तर नवल वाटायला नको.

जीट्यूब हा स्पॅमचा प्रमाणित चाचणी-मजकूर पाठवून "फिल्टर व्यवस्थित आहे" असं जाहीर करण्याचीही पद्धत आहे. स्पॅमअसॅसिन त्याला १००० गुण देतो. फिल्टर जिवंत आहे एवढं त्यातून सिद्ध होतं. मर्यादा ५ असो, ६.३१ असो की ८०, हजार गुणांचा मेल पकडला जाणारच, म्हणून मर्यादेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आता रिलोड. "हप सिग्नल दिला की डीमन फाइल पुन्हा वाचतो" हे वाक्य इतक्यांदा सांगितलं जातं की तो नियमच वाटतो. पण प्रत्येक डीमन या सिग्नलचा अर्थ आपल्यापुरता ठरवतो. व्हायरस शोधणाऱ्या क्लॅमएव्हीचा डीमन क्लॅमडी हप मिळाल्यावर फक्त लॉग फाइल पुन्हा उघडतो. व्हायरसच्या ओळखखुणा (सिग्नेचर) नव्यानं घ्यायच्या तर त्याला वेगळा सिग्नल लागतो, आणि 'क्लॅमडीस्कॅन --रिलोड' ही कमांडही ओळखखुणाच ताज्या करते, फाइलच्या आकाराची मर्यादा वगैरे नाही. ती बदलली असेल तर क्लॅमडी रिस्टार्ट करावाच लागतो. पोस्टफिक्समध्ये कुठल्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकायचं ही व्हॅल्यू बदलली, तर नुसतं रिलोड पुरत नाही. थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. आणि सिस्टमडीची 'डीमन-रिलोड' कमांड, नाव काहीही असो, मेल फिल्टरच्या कॉन्फिगरेशनला हातही लावत नाही. ती सिस्टमडीच्या स्वतःच्या युनिट फाइली वाचते.

गंमत म्हणजे याच्या बरोबर उलटंही घडतं. "रिलोड केलं नाही, म्हणजे जुनंच चालू आहे" असं समजून मेन फाइलमध्ये अर्धवट बदल ठेवून जेवायला जाणारे असतात. पोस्टफिक्सच्या एसएमटीपीडी प्रोसेस अल्पायुषी असतात. डिफॉल्टप्रमाणे प्रत्येक प्रोसेस १०० जोडण्या हाताळून किंवा १०० सेकंद रिकामी राहून संपते, आणि तिच्या जागी येणारी नवी प्रोसेस मेन फाइल ताजी वाचते. गर्दीच्या सर्व्हरवर काही वेळ जुन्या आणि नव्या व्हॅल्यू शेजारी शेजारी चालतात. एक मेल आत येतो, पुढचा नाकारला जातो. दीर्घकाळ चालणारा क्यू मॅनेजर मात्र रिलोड होईपर्यंत जुन्याच व्हॅल्यूवर. म्हणून पोस्टफिक्समध्ये हातानं लिहिण्यापेक्षा 'पोस्टकॉन्फ -ई'नं बदल करणं बरं. ती आधी तात्पुरती प्रत तयार करते आणि मग ती एका झटक्यात जागेवर ठेवते, त्यामुळे कुठल्याही प्रोसेसच्या हाती अर्धी फाइल लागत नाही.

काही वेळा बदल पोचतो, पण चुकीच्या ठिकाणी. स्पॅमअसॅसिनच्या लोकल फाइलमध्ये 'रिक्वायर्ड स्कोअर' असतो, डिफॉल्ट ५. अमाविस स्पॅमअसॅसिनला लायब्ररीसारखं वापरतो, त्याच्याकडून गुण घेतो आणि निकाल आपल्या टॅग, टॅग२, किल या मर्यादांवर लावतो. म्हणून स्पॅमअसॅसिनच्या फाइलमध्ये पाचाचे दहा केले तरी काही फरक पडत नाही. त्यातही अमाविसच्या या मर्यादा डिफॉल्ट आहेत; एखाद्या पत्त्यासाठी वेगळी व्हॅल्यू लिहिलेली असेल तर त्या पत्त्याला तीच लागू. हिशेबनिसाच्या मेलवरचा आकडा पाहून शेठच्या मेलबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही.

हेडरच दिसत नाही, म्हणजे फिल्टर बंद आहे, असंही घाईनं ठरवू नये. अमाविस स्पॅमचे हेडर फक्त आपल्या डोमेनच्या पत्त्यांना लावतो. मिलचं डोमेन स्थानिक डोमेनांच्या यादीत नसेल तर तपासणी होते, गुण लागतात, लॉगमध्ये नोंद पडते, फक्त मेलवर काही उमटत नाही. गुण टॅगच्या मर्यादेखाली असले तरी तसंच.

आरस्पॅमडी वापरणाऱ्यांना आणखी एक ठिकाण माहीत हवं. ११३३४ पोर्टवरच्या वेब पानावरून मर्यादा बदलता येते, पण ती ईटीसी फोल्डरातल्या फाइलींत लिहिली जात नाही. व्हार-लिब खालच्या डायनॅमिक फाइलमध्ये जाते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी माऊसनं ओढलेला आकडा आजच्या लोकल फाइलवर भारी पडतो, आणि नव्यानं नोकरीला लागलेला माणूस ईटीसी धुंडाळत बसतो. कंटेनरमध्ये चालणाऱ्या फिल्टरला तर बाहेरची फाइल दिसतेच असं नाही. एकच फाइल आत जोडलेली असेल आणि एडिटरनं सेव्ह करताना नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवली, तर आतल्या प्रोसेसला जुनीच फाइल दिसत राहते. लिनक्सवर प्रोक फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'रूट' असतं. त्यातून गेलं की ती प्रोसेस जी फाइल पाहते तीच पाहता येते. शेजारची 'सीएमडीलाइन' ती कुठली कॉन्फिग फाइल सांगून सुरू केली होती, ते दाखवते.

तपासताना मिळालेला डम्प मदतीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी मात्र थांबावं. डव्हकॉन्फ पासवर्ड झाकून ठेवते आणि 'हिडन' असं लिहिते. कॉन्फिगडम्पमध्ये कंट्रोलरच्या पासवर्डची ओळ जशीच्या तशी येते.

लॉगही मोठा साक्षीदार आहे. अमाविस प्रत्येक मेलमागे 'पास्ड क्लीन', 'पास्ड स्पॅमी' किंवा 'ब्लॉक्ड स्पॅम' अशी ओळ लिहितो आणि तिच्यात 'हिट्स' म्हणून गुण असतात. एका तासातला सगळ्यात जास्त गुणांचा क्लीन मेल आणि सगळ्यात कमी गुणांचा अडवलेला मेल शोधला, की मर्यादा त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी सापडते. बदल नेमका कधी लागू झाला, तेही त्यातूनच दिसतं, अट एवढीच की सर्व्हरचं घड्याळ बरोबर हवं; फाइल बदलल्याची वेळ, प्रोसेस सुरू झाल्याची वेळ आणि लॉगमधली वेळ शेजारी ठेवूनच हा हिशेब जुळतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. इतके लॉग जपलेले असतील, तर तीन महिन्यांपूर्वी अडलेल्या चलानाच्या दिवशी मर्यादा काय होती, तेही आज काढता येतं.