पीक निरीक्षणासाठी लॉकचा घडीचा चाकू : कमी खर्चात योग्य निवड

कापसाचे हिरवे बोंड बाहेरून निरोगी दिसत असले, तरी आतून ते किडलेले असू शकते. गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडताच बोंडात शिरते आणि तिने केलेले सूक्ष्म छिद्र काही काळातच भरून येते. उसाच्या लाल कुज रोगाचे खरे लक्षण कांडीच्या आत असते. भातातील खोडकिडा आणि वांग्याच्या शेंड्यातील अळी याही आतच दडलेल्या असतात. अशा किडी-रोगांचे निदान डोळ्यांइतकेच चाकूवर अवलंबून असते. तरीही विस्तार कार्यकर्त्यांच्या पिशवीत भिंग, कामगंध सापळ्याची ल्युअर आणि नोंदवही असते. चाकू मात्र बहुधा कोणाकडून तरी मागून घेतलेला, बोथट आणि खिळखिळा असतो. बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जोर जास्त लागला की हात घसरतो. म्हणून या साध्या अवजाराची निवड विचारपूर्वक होणे आवश्यक आहे.

लॉक कशासाठी?

घडीच्या साध्या चाकूत पाते केवळ स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. कापताना दाब धारेच्या बाजूने येतो, तोवर अडचण नसते. मात्र टोक खोडात खुपसून बाहेर ओढताना किंवा चिरेत अडकलेले पाते हलवून सोडवताना पाठीवर दाब येतो आणि पाते बोटांवर मिटते. निरीक्षणात नेमक्या याच क्रिया वारंवार कराव्या लागतात.

लॉकबॅक पद्धतीत मुठीच्या पाठीवर मध्यभागी खिळीवर डुलणारी एक पोलादी पट्टी असते. पाते पूर्ण उघडताच तिच्या पुढील टोकाचा आकडा पात्याच्या बुडातील खाचेत बसतो आणि मागील बाजूची स्प्रिंग त्याला तेथे धरून ठेवते. मिटवताना पाठीवरील उघडा भाग अंगठ्याने दाबावा लागतो. ही रचना जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेतील बक कंपनीने आणलेल्या घडीच्या चाकूमुळे ती जगभर रूढ झाली. तिचा लाभ असा की, लॉक सोडताना अंगठा पात्याच्या मार्गात येत नाही. मुठीच्या आतील पत्र्याने पाते अडवणाऱ्या लायनर लॉकमध्ये अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. लॉकबॅकची उणीव एकच : खाचेत चीक, माती किंवा कापसाचे तंतू साचले की आकडा पूर्ण बसत नाही. स्वच्छता हा या चाकूच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

बटण दाबताच उसळून उघडणारा चाकू वेगळा. लॉकबॅकचे पाते हातानेच उघडावे लागते आणि शेतीच्या कामास तेवढे पुरेसे आहे.

पाते आणि पोलाद

निरीक्षणासाठी ७ ते ९ सेंटिमीटर लांबीचे आणि पाठीकडे दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे पाते योग्य ठरते. त्याहून जाड पाते बोंड चिरत नाही, फोडते. त्यात अळी चिरडते आणि तिची अवस्था ओळखता येत नाही. टोक पाठीकडून किंचित खाली उतरलेले असावे. अतिशय अणकुचीदार टोक लवकर तुटते. करवतीसारखे दाते असलेली धार घेऊ नये. ती ऊतक फाडते आणि शेतात धार लावणेही अवघड जाते.

पोलादाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. कार्बन पोलादाला धार चटकन आणि उत्तम लागते, पण ते गंजते. आवळा, डाळिंबाची साल यांसारख्या टॅनिनयुक्त भागांशी संपर्क येताच काळे पडते. स्टेनलेस पोलादात साधारण १३ टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असल्याने गंज कमी लागतो. कोकण, केरळ, आसाम यांसारख्या दमट प्रदेशांत आणि वारंवार निर्जंतुकीकरण करावे लागणाऱ्या कामात स्टेनलेस सोयीचे आहे. मात्र पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ कोरलेले असणे पुरेसे नाही. ४२०जे२ सारख्या कमी कार्बनच्या पोलादाची धार लवकर उतरते. ४४०ए, ४४०सी किंवा ८सीआर१३एमओव्ही असा स्पष्ट उल्लेख आणि ५५ ते ५८ रॉकवेल कठीणता असल्यास माफक किमतीतही टिकाऊ पाते मिळते.

किंमत ठरवताना खर्च कोठे होतो हे पाहावे. पितळी टोप्या, कोरीव लाकूड, आकर्षक डबी यांचा निदानाशी संबंध नाही. पैसा लॉक, पोलाद आणि त्यावरील उष्णता-प्रक्रिया यांवर खर्च व्हावा. मूठ खरखरीत प्लॅस्टिकची असली तरी चालते. घामाने किंवा चिकाने ओल्या झालेल्या हातातून ती निसटू नये, आणि दवात पडल्यास दिसावी म्हणून रंग भडक असावा. उरलेल्या पैशातून धार लावण्याचा दगड घ्यावा. दगडाविना उत्तम चाकूही लवकरच निरुपयोगी होतो.

खरेदीच्या वेळी पाच तपासण्या

१. पाते उघडताना शेवटी ‘खट’ असा स्पष्ट आवाज यावा आणि लॉकची पट्टी मुठीच्या पाठीशी समपातळीत बसावी.

२. उघडे पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावे. बाजूचा खेळ खीळ सैल असल्याचे दर्शवतो. वर-खाली किंचित हालचाल या रचनेत आढळू शकते, पण ठळक खेळ असल्यास चाकू नाकारावा.

३. बोटे पात्याच्या मार्गाबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवून दाबावी. लॉक सुटल्यास तो चाकू घेऊ नये.

४. मिटलेल्या स्थितीत धार आणि टोक मुठीत पूर्ण लपले पाहिजे. खिसा किंवा बोट अडकेल असे टोक बाहेर राहता कामा नये.

५. दहा-पंधरा वेळा उघडझाप करावी. पाते मुठीच्या आतील पट्टीला घासत असल्यास त्यावर रेघ उमटते. अशी धार आपोआप बोथट होत जाते.

शेतातील वापर

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २० हिरवी बोंडे शेताच्या वेगवेगळ्या भागांतून तोडून तपासावीत. चाकू बोंडाच्या शिवणीवर उथळ फिरवावा आणि पाकळ्या हाताने उकलाव्यात. पाते आरपार नेऊ नये. पहिल्या दोन अवस्थांतील अळी पांढुरकी असते, गुलाबी छटा नंतर येते. म्हणून ‘गुलाबी काही दिसले नाही’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. सालीच्या आतील बाजूस मसासारखे उंचवटे किंवा नागमोडी रेषा असल्यास ती अळीच्या प्रवेशाची खूण मानावी. २० पैकी २ बोंडे किडलेली आढळल्यास १० टक्के ही आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजावे. फवारणी करावी की थांबावे, हा हजारो रुपयांचा निर्णय या २० बोंडांवर ठरतो.

उसातील लाल कुज उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये विशेष हानी करते. तिच्या निदानासाठी कांडी उभी चिरावी. लालसर ऊतकात आडवे पांढरे पट्टे आणि मद्यासारखा आंबूस वास ही निश्चित लक्षणे होत. पक्व ऊस फोडण्यासाठी घडीच्या चाकूवर हातोडी किंवा दगड मारू नये. खीळ आणि लॉक दोन्ही निकामी होतात. आधी कोयत्याने कांडी वेगळी करावी, मग चाकूने चिरावी.

चाकूच रोगवाहक ठरू नये

उसाचा खोडवा खुंटवणारा जिवाणूजन्य रोग बेणे तोडणाऱ्या अवजारांतून पसरतो, हे सर्वज्ञात आहे. डाळिंबातील तेल्या रोगाबाबतही अवजारांचे निर्जंतुकीकरण अनिवार्य मानले जाते. निरीक्षकाचा चाकू तर एकाच दिवशी अनेक शेतांत फिरतो. म्हणून प्रत्येक शेतानंतर, आणि रोगट झाड कापल्यास प्रत्येक झाडानंतर, पाते पुसून ७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक करावे. सोडियम हायपोक्लोराइट प्रभावी आहे, पण ते पोलाद आणि स्प्रिंग गंजवते. वापरल्यास पाते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे.

कलमे बांधण्यासाठी हा चाकू वापरू नये. कलमाच्या चाकूची धार बहुधा एकाच बाजूने घासलेली असते आणि तो रोगट ऊतकापासून दूर राहणे इष्ट असते. त्याचप्रमाणे फवारलेल्या पिकात वापरलेल्या चाकूने फळ कापून खाऊ नये.

निगा आणि नियम

दिवसअखेर जुन्या टूथब्रशने लॉकची खाच स्वच्छ करावी, चाकू उघडा ठेवून वाळवावा आणि खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. दगडावर दोन्ही बाजूंनी सुमारे २० अंशांच्या कोनात धार लावावी. कापताना धार नेहमी शरीरापासून दूर जाईल अशी दिशा ठेवावी. जखम झाल्यास ती साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शस्त्र नियम, २०१६ मधील परवान्याची तरतूद ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांना लागू होते. केवळ घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. वर सुचवलेले पाते या मर्यादेच्या पुष्कळ आत येते. तरीही स्थानिक निर्बंध असू शकतात. विमानप्रवासात चाकू हातातील सामानात ठेवता येत नाही. शेताबाहेर तो भिंग आणि नोंदवहीसोबत निरीक्षण पिशवीतच ठेवावा.

हंगामाच्या तोंडावर प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आपला चाकू काढून वरील पाच तपासण्या कराव्यात. लॉक पूर्ण बसत नसेल, तर आधी खाच स्वच्छ करावी. तरीही पाते डळमळत असेल, तर तो चाकू बाजूला ठेवून नवा घ्यावा.